घरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवत असेल तर: वाय-फाय जोडणी तपासण्याची क्रमवार पद्धत

प्रिंटर चालू आहे, त्यात कागद आहे, शाई आहे, घरातले इंटरनेटही व्यवस्थित चालते आहे आणि तरीही लॅपटॉप मात्र त्या प्रिंटरला ‘ऑफलाइन’ म्हणतो, हा अनुभव वाय-फायवर चालणारा प्रिंटर घेतलेल्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी नवखा माणूस सहसा सगळ्यात आधी प्रिंटरचे सॉफ्टवेअर काढून टाकतो आणि ते पुन्हा बसवतो. त्यात बराच वेळ जातो, आणि प्रिंटर चालू झाला तरी नेमके काय बिघडले होते हे कळत नाही, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा तोच खटाटोप करावा लागतो. या लेखात आधी बिघाड कोठे आहे ते शोधायचे आणि मग तेवढेच दुरुस्त करायचे, हा क्रम धरला आहे. उदाहरणासाठी आपल्याकडे घरोघरी दिसणारी मांडणी घेतली आहे: ब्रॉडबँड कंपनीने बसवून दिलेला राउटर, त्याच्याशी वाय-फायने जोडलेला इंक टँक प्रिंटर, विंडोजचा लॅपटॉप आणि घरातल्या माणसांचे मोबाइल.

उद्या परीक्षा आहे आणि हॉल तिकीट छापायचे आहे, किंवा तलाठी कार्यालयात द्यायचे कागद आजच हवे आहेत, अशी तातडी असेल तर आधी छपाई उरकून घ्यावी आणि दुरुस्ती नंतर करावी. बहुतेक घरगुती प्रिंटरांच्या मागे यूएसबीचे जवळजवळ चौकोनी तोंड असते. त्यात केबल घालून दुसरे टोक लॅपटॉपला जोडले की वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सीचे तोंड असेल तर एक छोटा ॲडॉप्टर लागतो. ही केबल घरात ठेवावी असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण पुढे दोष प्रिंटरमध्ये आहे की वाय-फायमध्ये, हे ठरवतानाही तिचा उपयोग होतो.

छापायचे पान कोणत्या वाटेने जाते

लॅपटॉपवर प्रिंटचा आदेश दिला की ते पान आधी लॅपटॉपमधल्याच एका रांगेत उभे राहते. तेथून ते वाय-फायने राउटरकडे जाते आणि राउटर ते प्रिंटरच्या पत्त्यावर पोचवतो. म्हणजे तपासायचे दुवे तीन आहेत: प्रिंटर आणि राउटर यांच्यातला, राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला, आणि लॅपटॉपच्या आतला. यातला कोणता तुटला आहे हे कळले की निम्मे काम झाले.

या वाटेवर इंटरनेट कोठेही लागत नाही. बाहेरची फायबर केबल तुटलेली असली तरी राउटर चालू असेल तोवर घरातल्या घरात छपाई होऊ शकते, आणि याच्या उलट, यूट्यूब चालते आहे म्हणजे प्रिंटरही जोडलेला असणार असा निष्कर्ष काढता येत नाही. एचपीच्या ‘एचपी प्लस’ योजनेत नोंदवलेले प्रिंटर मात्र याला अपवाद आहेत. त्यांना छपाईसाठी इंटरनेटची जोडणी कायम लागते.

पहिली पायरी: बंद करून चालू करणे, पण ठरलेल्या क्रमाने

सगळी उपकरणे बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्वांना ठाऊक असतो. क्रमाचे महत्त्व मात्र फारसे कोणी सांगत नाही. राउटरला पूर्ण जागे व्हायला दोन-तीन मिनिटे लागू शकतात, तर प्रिंटर त्याच्या बराच आधी तयार होतो. वीज जाऊन परत आली की दोन्ही उपकरणे एकाच क्षणी सुरू होतात, प्रिंटर आपले ओळखीचे वाय-फाय शोधतो, ते त्याला सापडत नाही, आणि काही प्रिंटर थोडे प्रयत्न करून शोध सोडून देतात. ज्या भागात भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे प्रिंटर ‘रोज रोज बिघडतो’ अशी जी तक्रार असते, तिच्या मुळाशी अनेकदा एवढेच असते.

म्हणून आधी राउटर आणि प्रिंटर बंद करावेत. मग फक्त राउटर चालू करावा आणि मोबाइलवर वाय-फाय चालू लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर प्रिंटर चालू करावा आणि त्याचा वाय-फायचा दिवा लुकलुकणे थांबून स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. शेवटी लॅपटॉप नव्याने सुरू करावा. त्यासाठी ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनने यंत्रणा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्या लाइनवर घ्यावा. राउटर बंदच पडला नाही तर ही शर्यतच टळते.

दुसरी पायरी: प्रिंटरकडूनच अहवाल छापून घेणे

माझ्या मते सगळ्या तपासणीतली सर्वांत उपयोगाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच बहुतेक जण वगळतात. जवळजवळ प्रत्येक वाय-फाय प्रिंटर आपल्या जोडणीची स्थिती एका पानावर छापून देऊ शकतो. पडदा असलेल्या प्रिंटरवर सेटिंग्जच्या यादीत ‘नेटवर्क स्टेटस’ किंवा ‘नेटवर्क रिपोर्ट’ अशा नावाचा पर्याय असतो. पडदा नसेल तर एखादे बटण काही सेकंद दाबून किंवा दोन बटणे एकदम धरून हे पान निघते. कोणती बटणे हे मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे सोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावे. हे पान छापायला लॅपटॉप लागत नाही, वाय-फायही लागत नाही. ते नीट छापून आले तर शाई आणि कागद ओढण्याची यंत्रणा ठीक आहे, हेही त्यातच सिद्ध होते.

पानावर पुष्कळ ओळी असतात, पण आपल्याला सुरुवातीला तीनच हव्या असतात. पहिली एसएसआयडीची, म्हणजे प्रिंटर ज्या वाय-फायशी जोडला आहे त्याच्या नावाची. दुसरी आयपी ॲड्रेसची, म्हणजे राउटरने प्रिंटरला दिलेल्या पत्त्याची. तिसरी मॅक ॲड्रेसची. हा प्रिंटरचा कायमचा ओळख क्रमांक, सहा जोड्यांत लिहिलेली बारा अक्षरे आणि अंक. तिन्हीखाली पेनाने खूण करावी आणि पान जपून ठेवावे.

एपसनच्या प्रिंटरांचा जोडणी अहवाल याहून पुढे जातो. जोडणी फसली असेल तर तो ‘ई’ अक्षर आणि त्यापुढे आकडा असा संकेत छापतो. ई-२, ई-३ किंवा ई-७ आले तर वाय-फायचे नाव सापडले नाही किंवा पासवर्ड जुळला नाही. ई-५ म्हणजे राउटरची सुरक्षा पद्धत प्रिंटरला मानवत नाही. ई-६ म्हणजे राउटरने या उपकरणाचा मॅक ॲड्रेस अडवून ठेवला आहे. मुलांच्या मोबाइलवर मर्यादा घालताना किंवा अनोळखी उपकरणे रोखताना प्रिंटरही नकळत त्या यादीत गेला, की असे होते. ई-८ आले तर पत्ता चुकीचा आहे, आणि ई-११ आले तर गेटवेचा, म्हणजे राउटरचा, पत्ता चुकीचा नोंदवला आहे.

तिसरी पायरी: पत्ता वाचणे

आता आयपी ॲड्रेसची ओळ नीट पाहावी. घरगुती जाळ्यातला पत्ता साधारणपणे १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. जिओच्या घरगुती फायबर राउटरचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, आणि म्हणून त्याच्याशी जोडलेल्या प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.२९.५७ अशासारखा असायला हवा. इतर राउटरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे पत्ते नेहमी आढळतात. पहिले तीन आकडे राउटरचे आणि प्रिंटरचे सारखे असले पाहिजेत, फक्त चौथा वेगळा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता मागूनही उत्तर न मिळाल्यावर उपकरण तात्पुरता म्हणून या मालिकेतला एक पत्ता स्वतःच घेते, आणि त्यावर राउटरमार्फत काही पोचत नाही. पत्त्याच्या जागी चारही शून्ये असतील तर जोडणी झालेलीच नाही. या दोन्ही प्रसंगी लॅपटॉपमध्ये काहीही बदलण्यात अर्थ नाही. दोष पहिल्या दुव्यात, प्रिंटर आणि राउटर यांच्यामध्ये आहे. पत्ता योग्य दिसत असेल तर पुढची पायरी सोडून पाचवीकडे वळावे.

चौथी पायरी: प्रिंटरला वाय-फाय का मिळत नाही

येथे सर्वांत जास्त घोटाळा करणारी गोष्ट म्हणजे वाय-फायच्या दोन लहरी. आजचे बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्हींवर प्रक्षेपण करतात, पण घरगुती किमतीच्या अनेक प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. राउटरने दोन्ही लहरींना वेगवेगळी नावे दिली असतील तर प्रिंटरच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसणारच नाही, आणि दिसते तेच निवडले की काम भागते. दोन्हींना एकच नाव असेल तेव्हा मात्र गोंधळ होतो: प्रिंटर जोडण्याचे ॲप मोबाइलकडून वाय-फायची माहिती घेते, मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असतो, आणि जोडणी मध्येच अडकते. अशा वेळी राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन (आत कसे शिरायचे ते सातव्या पायरीत सांगितले आहे) दोन्हींची नावे तात्पुरती वेगळी करावीत, मोबाइल २.४ वाल्या नावाशी जोडावा, प्रिंटरची जोडणी पूर्ण करावी आणि मग हवे तर नावे पूर्ववत करावीत. प्रिंटरने नोंदवलेले नाव तेच राहील याची मात्र काळजी घ्यावी. जोडणी झाल्यावर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी बिघडत नाही, कारण राउटर दोघांनाही ओळखतो.

दुसरे कारण सुरक्षा पद्धतीचे. नव्या राउटरवर डब्ल्यूपीए-३ एवढीच पद्धत निवडलेली असेल तर जुने प्रिंटर जोडले जात नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२, किंवा डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांची मिश्र पद्धत निवडावी. वाय-फायला अजिबात पासवर्ड न ठेवणे किंवा जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीवर जाणे हा उपाय कोणी सुचवला तरी करू नये. एका प्रिंटरसाठी साऱ्या घराचे जाळे उघडे पडते.

पासवर्डमधली मोठ्या आणि लहान लिपीतली, म्हणजे कॅपिटल आणि स्मॉल, अक्षरे वेगळी धरली जातात, आणि प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर बाणांनी एकेक अक्षर निवडताना शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गफलत सहज होते. वाय-फायचे नाव देवनागरीत किंवा चित्रचिन्हांसह ठेवले असेल तर मोबाइलला अडचण येत नाही, पण काही प्रिंटरांना असे नाव वाचता येत नाही. नाव साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवावे. राउटरवर डब्ल्यूपीएसचे बटण असेल तर पासवर्ड टाकण्याची कटकट टळते: राउटरचे बटण दाबावे आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचे वाय-फायचे बटण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबून धरावे. फक्त डब्ल्यूपीए-३ चालू असताना हे बटण उपयोगी पडत नाही.

अंतराचा विचार यानंतर. हॉलमध्ये टीव्हीमागे राउटर आणि आतल्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी प्रिंटर, अशी मांडणी पुष्कळ घरांत असते, आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंती किंवा कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरांमध्ये वाय-फायची ताकद दोन खोल्यांतच ओसरते. अहवालात सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिली असेल तर उणे ५० च्या आसपास उत्तम आणि उणे ७० च्या पलीकडे कमकुवत समजावी. प्रिंटर एकदा राउटरच्या खोलीत आणून जोडून पाहावा; तेथे चालला तर दोष अंतराचा आहे, प्रिंटरचा नाही.

पाचवी पायरी: लॅपटॉपला प्रिंटर दिसतो का

प्रिंटरकडे योग्य पत्ता आहे हे कळल्यावर लॅपटॉपवर ब्राउझर उघडावा आणि अहवालातला पत्ता, आपल्या उदाहरणात १९२.१६८.२९.५७, वरच्या पट्टीत टाकून एंटर दाबावे. टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत आणि मधले बिंदू जसेच्या तसे टाकावेत. बहुतेक प्रिंटरांमध्ये एक छोटे संकेतस्थळ आतच बसवलेले असते. ते उघडून प्रिंटरचे नाव आणि शाईची पातळी दिसली तर प्रिंटर आणि लॅपटॉप यांच्यातली सारी वाट मोकळी आहे, आणि दोष फक्त विंडोजच्या आत उरतो. पान उघडण्यापूर्वी ब्राउझर ‘जोडणी खासगी नाही’ असा इशारा देऊ शकतो, तो पाहून घाबरू नये. प्रिंटरने स्वतःच तयार केलेले सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखीचे नसते, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता आपल्याच कागदावरचा असेल तर पुढे जाण्याचा पर्याय निवडायला हरकत नाही.

पान उघडले नाही तर स्टार्ट मेनूत ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधून उघडावे आणि पिंग हा शब्द, मग एक मोकळी जागा आणि मग प्रिंटरचा पत्ता असे रोमन अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे. विंडोज चार वेळा प्रिंटरला हाक मारते. ‘रिप्लाय फ्रॉम’ या शब्दांपुढे प्रिंटरचाच पत्ता आणि काही मिलिसेकंदांची वेळ अशी ओळ चार वेळा आली तर उत्तर मिळाले. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आले तर मिळाले नाही. यातला दुसरा संदेश फसवा असतो, कारण त्या ओळीचीही सुरुवात ‘रिप्लाय फ्रॉम’नेच होते आणि पुढे लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता असतो, नवखे वाचक ते उत्तर समजून पुढे जातात. म्हणून ओळ शेवटपर्यंत वाचावी.

सहावी पायरी: दोघे एकाच जाळ्यात आहेत का

प्रिंटरकडे पत्ता आहे, लॅपटॉपवर इंटरनेट आहे आणि तरी दोघांची भेट होत नाही, असे असेल तर दोघे वेगवेगळ्या जाळ्यांत आहेत का ते पाहावे. लॅपटॉपचा पत्ता त्याच काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ हा आदेश रोमन अक्षरांत दिल्यावर ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीत दिसतो. त्याचे पहिले तीन आकडे प्रिंटरच्या पत्त्याशी ताडून पाहावेत.

आकडे जुळत नसतील तर बहुधा घरात दोन राउटर आहेत. ब्रॉडबँड कंपनीचा राउटर खाली असतो, वरच्या मजल्यावर सिग्नल पोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा आणून केबलने जोडलेला असतो, आणि तो दुसरा राउटर आपले स्वतंत्र जाळे उभे करतो. एक उपकरण १९२.१६८.२९ च्या जाळ्यात, दुसरे १९२.१६८.०च्या; इंटरनेट दोघांनाही मिळते, म्हणून काही चुकले आहे अशी शंकाही येत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे दोघांना एकाच राउटरच्या वाय-फायशी जोडणे. कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाकणे, मग तो स्वतंत्र पत्ते वाटत नाही, पहिल्याचेच जाळे पुढे वाढवतो.

आकडे जुळूनही भेट होत नसेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. प्रिंटर किंवा लॅपटॉप यांपैकी एखादा ‘गेस्ट’ वाय-फायवर नाही ना? पाहुण्यांसाठीच्या जाळ्यात उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेले असते. मुख्य वाय-फायवरही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर तोच परिणाम होतो; ते बंद करावे. दुसरे, लॅपटॉपवर व्हीपीएन चालू आहे का? घरून काम करणाऱ्यांच्या कंपनीच्या लॅपटॉपवर हे हटकून आढळते. व्हीपीएन जोडल्याबरोबर लॅपटॉपचे सगळे दळणवळण कंपनीच्या जाळ्याकडे वळवले जाते आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दिसेनासा होतो. ही मर्यादा कंपनीने जाणूनबुजून घातलेली असू शकते, त्यामुळे ती चुकवण्याच्या वाटा शोधू नयेत. व्हीपीएन थोडा वेळ बंद करण्याची मुभा असेल तर तसे करावे, नाहीतर कंपनीच्या आयटी विभागाला विचारावे. तिसरे, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये आपल्या वाय-फायच्या गुणधर्मांत ‘पब्लिक’ निवडलेले असेल तर घरापुरते ते ‘प्रायव्हेट’ करावे. रेल्वे स्थानक, हॉटेल अशा ठिकाणच्या वाय-फायला मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

सातवी पायरी: बदललेला पत्ता, आणि त्याचा कायमचा बंदोबस्त

ब्राउझरमध्ये प्रिंटरचे पान उघडते, पिंगला उत्तर मिळते, आणि तरी विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणते: ‘कालपर्यंत चालत होता’ या प्रकारच्या तक्रारींत हे चित्र वारंवार दिसते. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता ठरावीक मुदतीसाठीच देतो. प्रिंटर काही दिवस बंद राहिला, मुदत संपली, त्याचा पत्ता दुसऱ्या एखाद्या मोबाइलला दिला गेला, की प्रिंटर पुन्हा चालू झाल्यावर त्याला नवा पत्ता मिळतो. विंडोज मात्र जुन्याच पत्त्यावर पाने पाठवत राहते. घर बदललेल्या माणसाची पत्रे जुन्या घरी जात राहावीत तसे हे होते, आणि म्हणूनच पत्र लिहिणारा आणि ज्याच्यासाठी लिहिले तो, दोघेही सुस्थितीत असूनही काम होत नाही.

खात्री करण्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’, त्यात ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, त्यात आपला प्रिंटर, मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ आणि शेवटी ‘पोर्ट्स’ या भागात जावे. टिकमार्क असलेल्या ओळीत जो पत्ता आहे तो अहवालातल्या पत्त्याशी ताडून पाहावा. वेगळा असेल तर ‘ॲड पोर्ट’ दाबून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडावा आणि नवा पत्ता भरावा. त्या ओळीत पत्त्याऐवजी ‘डब्ल्यूएसडी’ असे लिहिलेले असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला आहे. ही सोय सुरुवातीला सुटसुटीत वाटते, पण ‘ऑफलाइन’चा त्रास वारंवार होत असेल तर येथेही टीसीपी/आयपी पोर्ट करून घेणे मला अधिक भरवशाचे वाटते. पत्ता बरोबर असूनही ‘ऑफलाइन’ दिसत राहिले तर त्याच ठिकाणी ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ समोरची खूण काढावी. या पद्धतीने विंडोज प्रिंटरची खुशाली विचारत असते आणि काही प्रिंटर तिला उत्तरच देत नाहीत.

एवढ्यावर थांबलो तर काही आठवड्यांनी पत्ता पुन्हा बदलेल. म्हणून राउटरला सांगून ठेवावे की या प्रिंटरला नेहमी हाच पत्ता द्यायचा. त्यासाठी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत शिरावे. लॉगिनचा तपशील बहुधा राउटरच्या खालच्या लेबलवर असतो. आत ‘डीएचसीपी रिझर्वेशन’, ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशा नावाचा पर्याय शोधावा, अहवालात खूण केलेला मॅक ॲड्रेस आणि हवा तो आयपी ॲड्रेस तेथे भरून जतन करावे आणि प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा.

प्रिंटरच्याच सेटिंग्जमध्ये पत्ता कायमचा टाकून ठेवण्याची दुसरी पद्धतही आहे आणि अनेक दुकानदार तीच करून देतात. मी ती टाळतो. उद्या ब्रॉडबँड कंपनी बदलली आणि नव्या राउटरचे आकडे वेगळे निघाले, तर प्रिंटर १९२.१६८.१ च्या जुन्या जाळ्यातलाच पत्ता धरून बसतो आणि नव्या जाळ्यात कोणालाच सापडत नाही. नोंद राउटरमध्ये असेल तर असा पेच पडत नाही. नव्या राउटरमध्ये नवी नोंद केली आणि लॅपटॉपवर नवा पोर्ट जोडला की झाले. कंपनी बदलतानाची आणखी एक सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे: नव्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि जुनीच सुरक्षा पद्धत दिली, तर प्रिंटरसकट घरातली बहुतेक उपकरणे आपणहून जोडली जातात.

रांगेत अडकलेले पान

पत्ता ठीक, पोर्ट ठीक, आणि तरी काही छापले जात नसेल तर लॅपटॉपमधली रांग पाहावी. एखादे मोठे किंवा बिघडलेले पान रांगेत पुढे अडकले की मागची सगळी थांबतात, आणि ते रद्द केले तरी ‘डिलीटिंग’ एवढेच दाखवत राहते. आधी रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ किंवा ‘पॉज’वर खूण राहिलेली नाही ना ते पाहावे. मग स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडावे, यादीतली ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवावी, सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स या फोल्डरपर्यंत जाऊन आतल्या फाइल्स काढून टाकाव्यात आणि सेवा पुन्हा सुरू करावी. फोल्डर स्वतः काढू नये, फक्त आतल्या फाइल्स. आपली मूळ कागदपत्रे येथे नसतात, त्यामुळे ती जाण्याची भीती नाही.

मोबाइलवरून छापताना

आयफोनवर प्रिंटर सापडत नसेल तर प्रिंटर कंपनीच्या ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहावे. २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून ही परवानगी वेगळी मागितली जाते, आणि पहिल्यांदा घाईत ‘नाही’ दाबले गेले की ॲप प्रिंटर शोधतच राहते. अँड्रॉइडवर प्रिंटर पहिल्यांदा जोडताना लोकेशन चालू ठेवावे, कारण आसपासची वाय-फाय जाळी पाहण्यासाठी ॲपला ते लागते. जोडणीच्या वेळी मोबाइल डेटा बंद ठेवणे चांगले. जोडणीपुरते प्रिंटर स्वतःचे तात्पुरते वाय-फाय उभे करतो आणि त्यावर इंटरनेट नसते, हे पाहून फोन मध्येच मोबाइल डेटाकडे वळतो आणि जोडणी अर्धवट राहते.

वाय-फायच्या यादीत ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होणारे आणि प्रिंटरचे नाव असलेले एक जाळे दिसते. ते प्रिंटरचे स्वतःचे वाय-फाय आहे. राउटर बंद असताना त्याच्याशी थेट जोडून छापता येते, पण तेवढा वेळ त्या फोनला किंवा लॅपटॉपला वाय-फायवरून इंटरनेट मिळत नाही. रोजच्या वापरासाठी ते निवडू नये.

काहीच लागू पडले नाही तर

येथपर्यंत येऊनही प्रिंटर वाय-फायशी जोडला जात नसेल तर त्याच्या मेनूतून फक्त नेटवर्कच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणाव्यात आणि जोडणी पहिल्यापासून करावी. एचपीचे अनेक प्रिंटर असे केल्यावर दोन तासच जोडणीसाठी तयार राहतात. त्या वेळात काम झाले नाही तर पुन्हा रीसेट करावे लागते. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधले प्रिंटरचे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा बसवायचा तर तो आता, आणि बसवताना तो प्रिंटर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात प्रिंटरची अडचण टाकली की वर येणारे मदतीचे फोन क्रमांक नेहमी कंपनीचेच असतात असे नाही. दूरस्थ ताबा देणारे ॲप बसवायला सांगून पैसे मागणारे लोक त्यामागे असू शकतात, म्हणून क्रमांक खोक्यावरच्या किंवा पुस्तिकेतल्या छापील मजकुरातून घ्यावा.

सेवा केंद्राला फोन करण्याआधी एक शेवटची चाचणी करावी. एका मोबाइलवर हॉटस्पॉट चालू करून तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा. आयफोनवर त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावे लागते. प्रिंटर त्या हॉटस्पॉटशी जोडला गेला तर प्रिंटर धडधाकट आहे आणि शोध राउटरमध्ये घ्यायचा आहे; अशा वेळी ब्रॉडबँड कंपनीला राउटरची सुरक्षा पद्धत आणि मॅक ॲड्रेस अडवणारी यादी तपासायला सांगावे. हॉटस्पॉटशीही तो जोडला गेला नाही, पण केबलने मात्र व्यवस्थित छापतो, तर प्रिंटरमधला वाय-फायचा भाग निकामी झाल्याची शक्यता मोठी आहे. सेवा केंद्रात जाताना प्रिंटरने छापलेला अहवाल, खरेदीची पावती आणि राउटरवर व हॉटस्पॉटवर काय काय करून पाहिले त्याची नोंद सोबत न्यावी, म्हणजे तेथे त्याच चाचण्या पुन्हा करण्यात वेळ जाणार नाही आणि वॉरंटी शिल्लक असेल तर भाग बदलून मागता येईल.